आमच्या बाईंचा सिनेमा

सेलूत ज्या बाईंकडे मी गाणं शिकले, त्यांच्या आयुष्यावर निघालेला सिनेमा मी परभणीला जाऊन पाहिला. मला तो आवडला नाही, असं म्हणणं फार सौम्य होईल. मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

बाई मोठ्या शहरांतल्या मैफलींत नाव कमावून वडिलांच्या आजारपणात सेलूला परतल्या, त्या इथल्याच झाल्या. सोबत धाकटी बहीण. तिला आम्ही साऱ्या शिष्या मावशी म्हणायचो. मैफलीत बाईंच्या मागे तानपुरा घेऊन मावशीच बसायच्या आणि घरी आल्यावर कुकरही त्याच लावायच्या.

मी शिकत असतानाच बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आवाजही गेला. बोलताना नुसती हवा यायची. गाण्याचा विचार सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर बाई रोज सकाळी एकच सूर लावत बसायच्या, अगदी खालचा सा. तो फाटायचा, घसरायचा. शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. मावशी तानपुरा छेडत राहायच्या. बाई कधी चिडून उठायच्या, अंगणात जाऊन धुणं आपटायच्या आणि ओल्या हातांनी परत येऊन बसायच्या. असं वर्षाहून जास्त चाललं. मग एका दुपारी मी दारात चप्पल काढत असताना आतून सा आला. भरडा, जाड, पण जागेवर. तो पूर्वीचा आवाज नव्हताच. त्या आवाजाला पेलेल असं गाणं बाईंनी नव्यानं बसवलं. तानांची हौस सोडली, संथ आलापी धरली. आज जाणकार त्यांच्या ज्या गाण्याचं नाव काढतात, ते हेच.

बाई गेल्यावर सिनेमावाले सेलूला आले, तेव्हा हे सगळं मी त्यांना घसा बसेपर्यंत सांगितलं. दिग्दर्शक तरुण आणि फार गोड बोलणारा. मावशींच्या पाया पडला. ऐकून घ्यायचा आणि मग विचारायचा, "आणि त्यांच्या आयुष्यात कुणी पुरुष?"

"न्हाई," मावशी म्हणाल्या.

"तसं अगदी कुणीच नाही?"

"न्हाई म्हणलं की बाबा."

सिनेमा लागला, तेव्हा मावशींना मी गाडी करून परभणीला नेलं. पडदा उजळला आणि आरशात नटी दिसली. मोकळे केस, नाकात चमकी, सगळीकडे निळसर-सोनेरी उजेड. एकेक चित्र फ्रेम करून भिंतीवर लावावं असं. जिन्यावरून घरंगळणारा रेशमी पदर, मग तळ्यातली होडी. सेलूत होडी! नटीनं तोंड उघडलं की अर्ध्या ओळीत कॅमेरा तिच्या मानेवर, तिथून खिडकीच्या पडद्यावर, तिथून उडणाऱ्या पाखरांवर.

मावशी माझ्या कानाशी वाकल्या. "लय छान दिसायलीय. पण ही गायची कधी ग?"

"गाईल आता," मी म्हणाले.

ती गायलीच नाही. पुरुष मात्र निघाला. दाढीवाला, कविता करणारा. तो सोडून गेला म्हणून बाईंचा आवाज गेला, आणि मैफलीत शेवटच्या रांगेत तो उभा दिसला म्हणून आवाज परत आला. ऑपरेशनचं नाव नाही. ते अख्खं वर्ष गालावरून ओघळणाऱ्या एका थेंबात संपलं. तानपुरा कोपऱ्यात शोभेला ठेवलेला. तो छेडणारी बहीण साऱ्या सिनेमात कुठंच नव्हती.

बाहेर आल्यावर मी मावशींचा हात धरला. "तुम्हाला त्यांनी घेतलंच नाही," मी म्हणाले.

"माझं जाऊ दे," मावशी म्हणाल्या. "तिनं एवढी मरमर केली, ती कुठं गेली?"

मी तिथूनच दिग्दर्शकाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, रियाज दाखवला की लोक उठून जातात." वर्षभर फाटका सूर ऐकत ज्या मावशी जागच्या हलल्या नव्हत्या, त्यांच्याच शेजारी मी उभी होते. मी फोन ठेवून दिला.

पुढं सेलूत दिग्दर्शकाचा सत्कार ठरला. मी जाणार नव्हते, पण मावशी निघाल्या म्हणून गेले. त्यांना स्टेजवर बसवलं आणि दोन शब्द बोलायला माइक दिला. मावशी त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी फोटो लय छान काढलेत. गाण्याचं बी काही घ्यायला पायजे होतं."

पहिल्या वाक्यालाच टाळ्या पडल्या. दुसरं कुणाला ऐकूच गेलं नाही. दिग्दर्शकानं छातीवर हात ठेवून मान लववली, डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, की बहिणीला सिनेमा पाहून गहिवरून आलं. मी पेपर चुरगाळला. मावशींनी तो माझ्या हातातून घेतला, गुडघ्यावर सरळ केला आणि त्यातला बाईंचा छोटा जुना फोटो तेवढा कात्रीनं कापून घेतला.