सनई मोनोत की स्टिरिओत?

परळला आमचं छोटंसं ऑफिस आहे. लोकांचे व्हिडिओ वेबसाइटवर भराभर उघडावेत म्हणून आम्ही ते बारीक करून देतो. कुठला व्हिडिओ किती बारीक केला हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही, पण त्यावरून झालेले राडे बरोबर लक्षात राहतात. चहाला बसलं की एकातून दुसरा निघतो.

*

आमचे वैद्य सर गिरगावचे. क्वालिटीत तडजोड म्हणजे त्यांना पाप वाटतं. एका डेंटिस्टचा रूट कॅनलचा व्हिडिओ त्यांनी इतका लख्ख ठेवला की हिरडीची शीर न् शीर दिसत होती. आठवड्याभरात डॉक्टरांचा फोन, "सर, जरा धूसर करा हो! पेशंट अपॉइंटमेंट कॅन्सल करतायत!"

सरांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "माणसाला कदर नाही."

*

मानसी लालबागची, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. एका मसालेवाल्याच्या व्हिडिओची साइज कमी करायला तिनं निम्म्या फ्रेम उडवल्या. साइज उतरली, पण स्क्रीनवर चक्कीचं चाक उलटं फिरायला लागलं! मालक स्वतः ऑफिसात हजर.

"पोरी, भुकटीतून परत मिरच्या काढतेस काय?"

*

मग मानसीचं लग्न ठरलं. तिच्या वडिलांना सगळे दादा म्हणतात; ते मालवाहू जहाजावर फिटर. त्यांच्या जागी येणारा माणूस आलाच नाही आणि दादा समुद्रातच अडकले. मुलीचं लग्न निदान लाइव्ह तरी बघायला मिळावं, एवढंच त्यांचं म्हणणं. जहाजावरचं नेट मात्र मुंगीच्या पावलांनी चालतं.

मानसीनं साखरपुड्याचा एक तुकडा सगळ्यात खालच्या सेटिंगवर पाठवून पाहिला. दादांचं उत्तर आलं, "बरा दिसता गो! तू हिरवो चौकोन की पिवळो?"

ती हसली, पण नंतर तो तुकडा तिनं परत परत लावून पाहिला. मलाही वाईट वाटलं. शेवटी ठरलं, चित्र सोडून द्यायचं, नुसता आवाज पाठवायचा.

*

आता वाद आवाजाचा. मी म्हटलं, मोनो ठेवू, दोनाऐवजी एकच चॅनल, हलका जाईल. सर उसळलेच, "सनई मोनोत? ती काय फलाटावरची अनाउन्समेंट आहे?"

"सर, मध्येच अडकलं तर?"

"अरे, बापाला मुलीच्या लग्नातली सनई तरी नीट ऐकू दे!"

स्टिरिओ ठेवला.

*

दादरचा हॉल. अंतरपाट धरलेला. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेलो. शेवटचं मंगलाष्टक सुरू होणार, एवढ्यात माझ्या फोनवर दादांचा मेसेज. मी तो मोठ्यानं वाचला, "आवाज गेलो. आमी सगळे अक्षता घेवन उभे आसंव."

अंतरपाटाआडून मानसी ओरडली, "भटजी, थांबा जरा!"

"अहो, मुहूर्त टळेल!"

"टळू दे!"

सर धावत आले आणि लॅपटॉपवर वाकले. "मोनो कर! बिटरेट पार खाली आण! सनई गेली उडत!"

मी केलं. अख्खा हॉल मुठी आवळून उभा. भटजी गप्प, सनईवाला गप्प, लहान पोरंसुद्धा गप्प.

फोनवर दादांचा मेसेज वाजला.

"इलो आवाज. पंखो ऐकाक येता. भटजी खंय गेले?"