जिथे श्वास घ्यायचा नव्हता

सातव्या महिन्यात आई मला बाळंतपणासाठी माहेरी, सानगडीला घेऊन आली, तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा क्लॅरिनेटचंच सामान जास्त होतं. पुढच्या महिन्यात नागपूरला एक नवा कॉन्चेर्टो वाजवायचा होता. मागे सगळा वाद्यवृंद आणि पुढे मी एकटी. रचना एका तरुण संगीतकाराची, अजून कुणीच न वाजवलेली. खालच्या जाड सुरावरून एकदम कान टोचणाऱ्या वरच्या सुरावर उडी, जीभ थरथरवत काढायचे सूर, मध्येच एका फुंकरीत दोन सूर. पुण्यात वर्षभर मी त्या रचनेच्या मागे लागले होते.

बाबा पहाटेच तलावावर मासे धरायला जात. ते गेले की मी मागच्या खोलीत, वाळत टाकलेल्या जाळ्यांशेजारी उभी राहून सराव करायची. पहिल्याच दिवशी आई पिठाचे हात घेऊन दारात आली.

"बिघडला का वो बाजा?"

"नाही आई. एकाच वेळी दोन सूर काढाचे आयेत."

"मंग एक एक करून काढ ना. येवढी घाई कायले?"

मी हसले. मधल्या भागात एक लांबच लांब ओळ होती आणि तिच्यावर संगीतकाराने लिहिलं होतं, इथे श्वास नको. अशा वेळी गालात हवा साठवून ती गाल दाबून वाद्यात ढकलायची आणि त्याच क्षणी नाकाने नवी ओढायची. सूर तुटत नाही. मला ते चांगलं जमायचं. पण आता नाक कायम चोंदलेलं. साकोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणात होतं असं. बाळंत झालीस की मोकळं होईल." त्यात बाळ वर सरकून बरगड्यांना टेकलेलं. ओळ अर्ध्यावर आली की छाती रिकामी व्हायची. मी पुन्हा सुरुवात करायची, पुन्हा तिथेच अडकायची. जेवतानाही बोटं ताटाच्या कडेवर चालत राहायची.

एका दुपारी वाद्यवृंदाच्या संचालकांचा फोन आला. "दुसरा वादक तयार आहे. तुम्ही थांबलात तर कुणी नावं ठेवणार नाही." मी म्हटलं, उद्या सांगते. मग अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात.

"बस ना वो," आई वैतागली. "तुले पाहून मलेच गरगरून राहिलं."

बाबा जाळं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तुले वाजवाचं आये का नाही, येवढं सांग."

"वाजवाचं आये."

"मंग मी गाडी सांगतो."

नागपूरच्या तालमीत मी संचालकांना म्हटलं, त्या ओळीत एकदा श्वास घेऊ द्या. त्यांनी संगीतकाराला विचारलं. उत्तर आलं, शक्यतो नको. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. आईबाबा तिसऱ्या रांगेत अंग चोरून बसले होते. पहिला भाग नीट गेला. मग ती ओळ आली. मी गाल भरले, नाकाने ओढून पाहिलं, काही आत गेलं नाही. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. मी क्लॅरिनेट तोंडातून काढली आणि सगळ्यांसमोर, आवाज होईल असा, श्वास घेतला. संचालकांचा ताल देणारा हात हवेत थांबला. व्हायोलिनवाल्यांनी आपला सूर धरून ठेवला. मग मी उशिरा, पण नेमक्या वरच्या सुरावर शिरले. पुढचं भराभर झालं. एक उडी किंचाळली, बाकीच्या लागल्या.

नंतर एक गृहस्थ मुद्दाम भेटायला आले. म्हणाले, "मधला तो विराम फार सुंदर होता." मी आभार मानले आणि आतून आणखीच उखडले. मी जिथे चुकले, तेच त्यांना आवडलं होतं.

परतीच्या वाटेवर लाखनीला चहाला थांबलो. आई बशीत चहा ओतत म्हणाली, "खरं सांगू? मले त्यातलं काहीच आवडलं नाही. पण तू थांबली ना, तवा माया जीव मुठीत आला होता. तूनं श्वास घेतला, मंग मीनं घेतला."

बाबा म्हणाले, "बिस्कूट खा."

मुलगी पावसाळा संपता संपता झाली. नाक दुसऱ्याच आठवड्यात मोकळं झालं. सव्वा महिन्यानंतर मी क्लॅरिनेट जुळवली आणि एक साधा, मधला सूर लावला. तो हलला. पोटाच्या स्नायूंत जोरच उरला नव्हता. आता रोज सकाळी एकेक लांब सूर धरायचा, एवढाच सराव आहे. संगीतकाराने विचारलंय, पुढच्या वर्षी पुन्हा वाजवणार का? मी अजून कळवलेलं नाही. स्वरलिपी मात्र खाटेवर उघडीच असते, आणि मुलीला पाजताना माझी नजर त्या ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरते.