वत्सलाच्या हातचा गुळांबा

मुरबाडहून सिद्धगडाच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसं गाव आहे. त्या गावात मे महिन्यात कोणाच्याही चुलीवर गुळांबा चढला की वत्सलाला बोलावणं जायचं. ती यायची, पदर खोचायची आणि रटरटत्या टोपातून डावभर पाक उचलून त्यात सरळ अंगठा आणि शेजारचं बोट घालायची. बाकीच्या बायका पाकाचा थेंब ताटलीत टाकून तो निवेपर्यंत थांबायच्या. वत्सला थांबायची नाही. दोन बोटं लांब करून मधे तार धरते की तुटते ते बघायची आणि निकाल द्यायची, "अजून दोन उकळ्या येऊ द्या."

बायका तोंडावर हात ठेवायच्या. "भाजत नाय का गो तुला?"

"सवय हाय," ती हसून सांगायची.

आणि गावाला ते पटायचं! उकळत्या गुळाची सवय होते म्हणे. चौदा वर्षं हे उत्तर गावाला पुरलं, आणि खरं काय ते ज्यांना माहीत होतं ते एकाच घरात राहत होते.

ते घर बाईजाचं. वत्सला तिथे सून म्हणून आली ती १९९१ साली, माहेर शहापूरकडचं, भातसानगरच्या अलीकडचं. नवरा गणू मुरबाड–कल्याण जीप चालवायचा. सासरा आधीच गेलेला. धाकटा दीर प्रणय तेव्हा आठ वर्षांचा. आणि घराची मालकीण बाईजा, जिच्या हाताला आवर असा नव्हताच. परसात रायवळ आंब्याची दोन मोठी झाडं होती. कावळे चोच मारतात म्हणून बाईजा दरवर्षी एक कावळा दगडाने टिपायची आणि पायाला सुतळी बांधून फांदीला उलटा टांगायची. शेजारच्या लडकूने एकदा पाच-सहा कैऱ्या तोडल्या, तर तिने त्याच्या नडगीवर अशी काठी घातली की तो जन्माचा लंगडा झाला. लोक तिला कडक बाई म्हणायचे. बायकांच्या क्रूरपणाला आपल्याकडे हा एक बरा शब्द सापडलेला आहे.

पण तिच्या घरचं गोडधोड मात्र नावाजलेलं. फणसाच्या रसातली सांदणं, सुपावर वाळवलेली आंब्याची साठं, करवंदांचा मुरांबा, आणि सगळ्यांच्या वर गुळांबा. गुळांब्याची चिनीमातीची मोठी बरणी उन्हात तापवून, तोंडाला फडक्याचा दादरा बांधून फडताळात बसायची. वर्षभर घरातलं सगळं गोड त्या बरणीतून निघायचं. सणाला तीच, पाहुण्याला तीच आणि प्रणयच्या भाकरीवरही तीच.

पहिल्या वर्षी गुळांबा वत्सलाने केला. कैऱ्या झेल्याने, काठीच्या टोकाला बांधलेल्या जाळीने, उतरवल्या, सोलल्या, किसल्या, गूळ घातला. सगळं नीट झालं, फक्त टोप तिने जरा लवकर उतरवला. पाकाला तार आली नव्हती. श्रावणात नागपंचमीला पाहुण्यांपुढे बरणी उघडली तेव्हा वर पांढरी बुरशी आणि ताडीसारखा आंबूस वास. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. बाईजा काहीच बोलली नाही. सासू शिव्या देईल, थोबाडीत मारेल, म्हणून वत्सला चार दिवस जीव मुठीत धरून वावरली. काहीच झालं नाही. तिला वाटलं, सासूने पोटात घातलं.

बाईजाने मे महिन्याची वाट बघितली. नऊ महिने! राग आला आणि हात उठला, हे आपण समजू शकतो. पण नऊ महिने शांतपणे भाकऱ्या थापायच्या, सुनेकडून डोक्याला तेल लावून घ्यायचं आणि मनातल्या मनात दिवस ठरवून ठेवायचा, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

१९९२च्या मे महिन्यात दुपारी गुळांबा चुलीवर होता. वत्सला ढवळत होती. बाईजा तिच्या मागे येऊन बसली आणि मायेने म्हणाली, "तार आली का बघ गो."

"थांबा, ताटलीत थेंब टाकते."

"ताटली कशाला?" बाईजाने तिचं उजवं मनगट धरलं, अंगठा आणि बोट जुळवलं आणि टोपात बुडवलं. गूळ पाण्यासारखा ओघळून जात नाही. तो धरून बसतो. वत्सलाची किंकाळी रस्त्यापर्यंत गेली असेल. गणू अंगणात जीपची काच पुसत होता. त्याने जीपमधल्या रेडिओचा आवाज वाढवला. बाईजा मनगट सोडेना. "आली तार? नाय आली? मंग बघ अजून. नीट बघ. आता नाय इसरायची तू."

सोडलं तेव्हा बोटांची कातडी गुळाबरोबर निघून आली. मग बाईजानेच परसातून कोरफड कापून आणली आणि स्वतःच्या हाताने लावली. चांगल्या मास्तरणीने फटके मारून मग पाटी पुसून द्यावी, तशी.

आठवडाभराने, हाताला चिंधी बांधलेली असताना, वत्सला डाव्या हाताने प्रणयला भाकरीवर गुळांबा वाढत होती. बाईजाने हात बुडवला त्या दिवशी नऊ वर्षांचा प्रणय दारातच उभा होता. त्याने सगळं बघितलं होतं. आठवडाभर तो धड जेवला नव्हता की झोपला नव्हता. त्याने चिंधीकडे बघत विचारलं, "वयनी, दुखलं का गो तुला?"

पोराचे डोळे भरलेले होते. वत्सला हसली आणि म्हणाली, "नाय रे. गूळ तो. गोड कदी दुखतं का? आयेनं मला शिकवलं." मग प्रणयने भाकरी खाल्ली.

वत्सलाला मूल झालं नाही, तिने प्रणयलाच वाढवलं. त्याला विंचू चावला तेव्हा त्याने आईला नाही, "वयनी!" अशी हाक मारली होती. त्याला ताप आला की ती त्याच्या कपाळाला गाल लावून बघायची, कारण बोटांना ऊन-गार काही कळत नव्हतं. सुईत दोरा ओवता येत नव्हता, तांदळातला खडा लागत नव्हता. पण पाकाची तार मात्र ती बिनधास्त बघू लागली आणि गावात तिचं नाव झालं. बाईजा चारचौघांत सांगायची, "हात तयार केला तो मी." बायका हसायच्या. वत्सलाही हसायची. तिचं चुकलं ते इथेच. ती प्रत्येक वेळी हसली, आणि प्रणय ते हसणं ऐकत मोठा झाला.

मोठा झाला तसा तो खडीच्या खाणीवर डंपर चालवायला लागला. क्लीनरने ट्रिप चुकवली म्हणून त्याचे दोन दात पाडून आला आणि हसत हसत घरी सांगितलं, "आता नाय इसरायचा तो." वत्सलाने ते शब्द ओळखले. पण तिने त्याच्या ताटात भाजी वाढली.

२००५ साली त्याचं लग्न झालं. बायको भावना, किन्हवलीकडची, शिवणकाम शिकलेली. येताना शिलाई मशीन घेऊन आली. तिची बोटं बघत राहावीत अशी चालायची. काज, बटण, तुरपाई, सगळं बघता बघता व्हायचं. वत्सलासाठी सुईत दोरा ओवून ठेवायची. आठवड्यातून एकदा मुरबाडच्या दुकानात ब्लाउज पोचवायला जायची. प्रणयला ते खपायचं नाही. पहिली थप्पड आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून, दुसरी मुरबाडहून यायला उशीर झाला म्हणून. दिवाळीत त्याने तिचा हात असा पिरगळला की बांगड्या फुटून काचा मनगटात घुसल्या. वत्सलाने त्या काचा काढल्या, म्हणजे काढायला बसली. तिच्या बोटांना काच लागेना. शेवटी भावनाने डाव्या हाताने स्वतःच काढल्या.

"वयनी, तुमची बोटं अशी कशी?" तिने विचारलं.

त्या दिवशी वत्सलाने पहिल्यांदा खरं सांगितलं. भावना ऐकत राहिली आणि मग तिने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. त्या दिवसापासून वत्सलाच्या जिवाला एकच घोर लागला. या पोरीचे हात या घरात शाबूत राहतील ना?

२००६च्या मे महिन्यात दुपारी गुळांबा चुलीवर होता. गणू जीप घेऊन कल्याणला गेलेला. बाईजाचं अर्धं अंग वर्षापूर्वी लुळं पडलं होतं. स्वयंपाकघरासमोरच्या खाटेवर ती पडून असायची, बोलता यायचं नाही, पण डोळे सगळीकडे फिरायचे. वत्सला ढवळत होती, भावना शेजारी बसून वेलची सोलत होती. प्रणय आला तो तावातावानेच.

"आज पण मुरबाडला गेलेलीस?"

"लग्नाचे ब्लाउज होते. द्यायचा टाइम ठरला होता."

त्याने लाथेने किसाची परात उडवली. केस धरून भावनाला उठवलं आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. भावनाच्या भुवईवरून रक्त ओघळलं.

"प्रणय, सोड तिला!"

"वयनी, तुमी मदे पडू नका." त्याने भावनाचं उजवं मनगट पकडून तिला चुलीकडे ओढलं. "लय चालतात ना बोटं तुजी? बघू आता किती चालतात." भावना पाय रोवून मागे रेटत होती, ओरडत होती. तो मात्र हसला. मजेत हसला, आणि वत्सलाला म्हणाला, "सांगा हिला वयनी, दुखत नाय ते. आयेनं तुमाला एकदाच शिकवलं. परत कदी चुकलात काय?"

खाटेवरून बाईजा बघत होती.

वत्सलाला त्या क्षणी जे झालं त्याला राग म्हणणं अपुरं आहे. हा पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की दुखत नाही. आणि ते त्याला सांगितलं होतं तिनेच, भाकरीवर गुळांबा वाढताना.

तिने हातातला डाव खाली टाकला आणि दोन्ही हातांनी प्रणयचा पंजा धरला. भावनाचं मनगट सुटलं. पंधरा वर्षं डाळी भरडलेले, लाकडं फोडलेले हात होते ते. तिने सगळं अंग त्याच्यावर टाकलं आणि त्याचा पंजा स्वतःच्या उजव्या हातासकट टोपात घातला.

प्रणयचा आवाज माणसासारखा नव्हता. त्याने मोकळ्या हाताने तिच्या कानावर बुक्का मारला, मग जबड्यावर. तिच्या तोंडात रक्त आलं, एक दाढ हलली. तिने सोडलं नाही. तिची दोन बोटं त्याच्या अंगठ्याभोवती आवळलेली होती आणि त्यांना काहीच कळत नव्हतं. उरलेल्या बोटांना कळत होतं. मनगटाला कळत होतं. तिथे गूळ चिकटून कातडी सोलत चालला होता आणि ती दात-ओठ खाऊन त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"वयनी!" तो ओरडला. विंचू चावला तेव्हा ओरडला होता तसा. "वयनी गो!"

तेव्हा तिने सोडलं. टोप कलंडला, चुलीत गूळ पडून काळा धूर उठला. प्रणय जमिनीवर गडबडा लोळत होता, हात पोटाशी धरून. त्याला जखमी हात कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

वत्सला त्याच्याजवळ खाली बसली. तिचा हात मनगटापर्यंत लाल झाला होता. "दुखतं?" तिने विचारलं.

"लय दुखतं वयनी. लय दुखतं."

"तवा पण येवडंच दुखलं होतं," ती म्हणाली. "मी तुला खोटं सांगितलेलं."

तो रडायचा थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. मग पुन्हा रडू लागला. पण आता तो वेगळ्या तऱ्हेने रडत होता, नऊ वर्षांचा असल्यासारखा. वत्सलालाही रडू आलं, कारण याच पोराला तिने गाल लावून लावून वाढवलं होतं आणि आता त्याच्या हाताचं मांस तिनेच उघडं केलं होतं. तिला त्याची दया आली. केल्याचा पश्चात्ताप मात्र झाला नाही. खाटेवर बाईजा तोंडातून काहीतरी घरघर करत होती. तिच्याकडे कोणीही बघितलं नाही. भावना परसात जाऊन कोरफड कापून आली, पातं मधोमध चिरलं आणि आधी वत्सलाच्या हाताला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावना माहेरी गेली. मशीन गणूने जीपच्या टपावर स्वतः बांधलं, दोरी दोनदा आवळून बघितली. जीपमधला रेडिओ त्या दिवशी बंद होता. भावना परत आली नाही. किन्हवलीला तिने दुकान टाकलं आणि वत्सलाला दर दिवाळीला एक ब्लाउज शिवून पाठवत राहिली. प्रणयच्या हाताची तीन बोटं आखडली आणि डंपर सुटला. त्यानंतर त्याने कोणावर हात उचलल्याचं गावाने ऐकलं नाही. तो सुधारला की नुसता घाबरला, हे वत्सलालाही कधी कळलं नाही.

पुढच्या मे महिन्यात शेजारच्या मालूने गुळांबा लावला आणि नेहमीसारखं बोलावणं पाठवलं. वत्सला गेली. पदर खोचला, ढवळलं आणि मग ताटली मागितली. पाकाचा एक थेंब तीत टाकून फुंकर मारत बसली.

बायका चकित झाल्या. "आज हात नाय घातलास गो?"

"नाय," वत्सला म्हणाली. "भाजतं."