मेलेले सोंडे घेऊन धुळ्याला

धुळ्याला हौसेने फारसं कुणी जात नाही, आणि वैशाखात तर नाहीच. मी गेले, कारण तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याने धातूतल्या बारीक भेगा तपासायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक घेतला आहे. आमच्या कॉलेजच्या सरांची तिथे ओळख. त्यांनी माझ्यासाठी त्या यंत्रावर एक दुपार मागून घेतली आणि बजावलं, "सोंड्याच्या तोंडाचे स्वच्छ फोटो आणा. नाही आले तर विषय बदला, नाहीतर बाकीच्यांसारखे किडे मारून काम करा."

सोंडा म्हणजे धान्यात होतो तो लांब तोंडाचा काळपट किडा. या यंत्राला तो कोरडा लागतो. त्यावर सोन्याचा अगदी पातळ थर देतात आणि हवा काढून घेतलेल्या पेटीत ठेवतात. जिवंत किडा तिथे चालत नाही, आणि मी किडे मारत नाही. आम्ही मूळचे मारवाडचे जैन, सावद्याला केळीचा व्यापार. पाचवीपर्यंत मी शाळा पाहिली नव्हती; वडिलांचे काका, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांनी घरीच शिकवलं. धान्य निवडता निवडता धडा चाले. किडा दिसला की वाचन थांबवायचं, त्याला मूठभर दाण्यांसकट सावलीत ठेवायचं, मग पुढची ओळ. मी प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा नाना बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मेलेलेच किडे वापरीन असं मी सांगितलं, तेव्हा कुठे मान हलवली.

पहिला मुक्काम जळगाव. सावद्याहून भुसावळला गाडी बदलावी लागते. सकाळची गाडी घ्या, दुपारी पत्रा हाताला लागू देत नाही. तिथल्या मेहरूण भागात माझी भुआ, म्हणजे वडिलांची बहीण, राहते. तिने वर्षाचे गहू निवडताना माझ्यासाठी सोंडे बाजूला काढले होते.

"नक्की मेलेत ना, भुआ?"

"अगं, पुंजणी फिरवून पाहिली. एकाचा पाय हलत असेल तर सांग!"

किडामुंगी न दुखावता बाजूला सारायची ती लोकरीची मऊ पुंजणी तिच्या हातात होतीच. मीही कुंचल्याने एकेक सोंडा उलटवून पाहिला. पाय पोटाशी घेतलेले, मिशा आत, काही तुटलेलं नाही. मेलेला किडा सहसा इतका अखंड मिळत नाही. तळाशी कापूस घालून मी ते काचेच्या बाटलीत ठेवले. तरी रात्री नीट झोप लागली नाही.

जळगाव-धुळे रस्ता ट्रकांनी भरलेला असतो. एसटी तीन तास घेते, कधी जास्त. पाणी घरून न्या, आणि आमच्यासारखं कांदा-लसूण खात नसाल तर खाकरेही. दर थोड्या वेळाने मी बाटली पिशवीतून काढून पाहत होते. सगळे निपचित. एरंडोलला शेजारी बसलेल्या अक्कांना राहवलं नाही.

"काय शे वं त्या बाटलीमा?"

"सोंडे आहेत, अक्का. मेलेले. फोटो काढायला नेतेय."

त्यांनी मागच्या बाकावरच्या सुनेला हाक मारली, "आयकं का वं? सोंडास्ना फोटो!" मग माझ्याकडे वळून, "आमना घर ये, माय. बठ्ठी ज्वारी खाई टाकी त्यास्नी. लगीनना फोटो काढी दे त्यास्ना!"

अख्खी गाडी हसली. मीही हसले, पण पारोळ्यापर्यंत बाटली बाहेर काढली नाही.

कारखान्यात पोहोचले तर वीज गेलेली. यंत्र चालवणारे चौधरीभाऊ म्हणाले, "बसा ताई. आली की आली." बाटली टेबलावर ठेवली. पंखा बंद, खिडकीबाहेर पांढरं ऊन. बाटलीला कुणी हात लावला नाही. बऱ्याच वेळाने चौधरीभाऊ पुढे वाकले.

"ताई, तुमचे मेलेले फिरायला निघाले."

दोन काचेवर चढत होते. बाकीचे कापसातून वाट काढत होते.

धक्का लागला की सोंडा पाय आवळून मेल्यासारखा पडून राहतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. भुआची पुंजणी, माझा कुंचला, एसटीचे हादरे. आम्ही जितक्या काळजीने तपासलं तितके ते मेले. बाटली शांत राहिली आणि ते उठले.

"त्यात काय!" चौधरीभाऊ म्हणाले. "बर्फाच्या कप्प्यात ठेवू. वीज येईपर्यंत काम झालेलं असेल."

"नको."

"डास चावला तर काय करता?"

"उडवते."

"आणि मलेरिया झाला तर?"

"गोळ्या घेते."

"मग त्या गोळीने आतले जंतू मरत नाहीत?"

मी बाटली उचलून पिशवीत ठेवली.

वीज आली. चौधरीभाऊंनी ट्यूबलाइटचं झाकण उतरवलं आणि आतले वाळलेले किडे कागदावर झटकले. त्यातलं एक पाखरू मी निवडलं, एका पंखाचं. त्यावर सोनं चढलं, पेटीतली हवा गेली, आणि हिरव्या पडद्यावर त्याचं डोकं उभं राहिलं. डोळे आत बसलेले होते. मधमाशीच्या पोळ्यासारखी त्यांची घरं एकावर एक कोसळलेली. तोंडाच्या जागी बुरशीचे धागे, एकमेकांत गुंतलेले. इतक्या जवळून मी काहीच पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून जराही आनंद झाला नाही. रोल संपेपर्यंत फोटो काढले.

मग सोंड्यांचा प्रश्न. बाहेर सोडले तर ऊन आणि मुंग्या. कुणाच्या धान्यात सोडले तर त्याचं नुकसान. स्टँडजवळच्या दुकानात मी पाव किलो गहू मागितले. "किडके असले तरी चालतील," असंही म्हणाले. दुकानदार चिडला, "आमच्याकडे किडका माल नसतो, बाई!" ते चांगले गहू खाकऱ्यांच्या रिकाम्या डब्यात ओतून, त्यातच सोंडे सोडून, डब्याच्या तोंडाला फडकं बांधून मी परत निघाले.

सरांनी फोटो बराच वेळ पाहिले. "बुरशी छान आली आहे," म्हणाले. दुसरी दुपार मागण्यासारखी त्यांची ओळख नाही. माझा विषय आता गांडूळखत आहे. नानांना मी सगळं सांगितलं. "बरं केलंस," एवढंच ते म्हणाले. मला वाटलं होतं, ते ऐकून बरं वाटेल.

डबा माझ्या टेबलाखाली असतो. पाऊस लागल्यापासून त्यातले काही सोंडे वरच येऊन पडतात. हात लावून काही कळत नाही, म्हणून मी नुसती बघत बसते, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. ते उठत नाहीत. मग कुंचल्याने उचलून ठेवते. पाय, मिशा, सोंड, सगळं शाबूत. असे सात-आठ जमले आहेत. सरांना जे हवं होतं ते आता माझ्याकडे आहे, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.