कायाकची सहा भोकं

मला अजून राग येतो. बाबांचा येतो, माझा येतो, आणि त्या दिवशी बाळकुमच्या धक्क्यावर फिदीफिदी हसलेल्या तीन-चार जणांचाही येतो.

कायाक म्हणजे प्लॅस्टिकची चिंचोळी होडी. माझी दोघांनी बसायची, सेकंडहँड, नारिंगी. बसायच्या जागी तिला आरपार सहा भोकं आहेत. आत आलेलं पाणी त्यांतून खाली निघून जातं. होडी आतून पोकळ आणि बंद असते, त्यामुळे त्या भोकांनी ती बुडत नाही. हे मी बाबांना सांगितलं होतं का? नाही. जन्मभर खाडीत जाळी टाकलेल्या माणसाला काय सांगायचं, असं वाटलं.

सांगत होतो ते भलतंच. लाइफ जॅकेट घालावं लागेल, शिट्टी गळ्यात हवी, वल्हं दोरीनं होडीला बांधलेलं हवं. रविवारी त्यांना खाडीत न्यायचं ठरलं होतं. आमच्या गावठाणासमोर टॉवर उठले त्याच सुमारास त्यांची लाकडी होडी कुजून गेली, त्यानंतर ते पाण्यात गेलेच नव्हते. ऐंशीचं वय, गुडघे गेलेले. ‘एकदाच ने’ म्हणाले होते. मला तेवढं एकदाच त्यांना न्यायचं होतं, बाकी काही नाही.

शनिवारी भरतीला मी एकटाच चाचणी घ्यायला गेलो. पाय ठेवताच सटकलो. सगळी होडी तेलकट. खाडीचाच तवंग असणार म्हणून नाले सोडणाऱ्या झाडून सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या नि निघालो. निघण्याआधी होडी उलटी करून तपासायची, हे मी कायाक शिकायला येणाऱ्या नव्या लोकांना घसा फोडून सांगतो. स्वतः केलं नाही.

रेतीचा बार्ज गेला. त्याच्या लाटेचं पाणी मांडीवर आलं ते जाईचना. दुसरी लाट आली, पाणी एका बाजूला धावलं आणि मी कलंडलो. जॅकेटनं वर धरलं. तिवरांच्या फांद्या पकडत, चिखल तुडवत, कायाक ओढत धक्क्यावर आलो तेव्हा भोकं दिसली. सहाही कापूस ठासून, वर राळ ओतून पक्की बंद.

बाबा धक्क्यावर बसले होते. खुशीत होते.

"आरं, भोका व्हती होरीला," म्हणाले. "बुजवली मी. तेल पन पाजलंय. बुरला असतास ना!"

"बुडालोच ना!" मी ओरडलो. "तेल लाकडाला पाजतात, प्लॅस्टिकला कोण पाजतं?"

लोक हसले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिथे मी थांबायला हवं होतं.

"तुला काय कळतं यातलं? ह्यापुढे माझ्या होडीला हात लावायचा नाही!"

राळ काढायला मला दोन दिवस लागले. खरवडलं तर प्लॅस्टिकला चरे पडतात, म्हणून लाकडाच्या काडीनं उकरत बसलो. तेलासाठी साबणाचं पाणी, मग गोडं पाणी, मग सावलीत वाळवणं. त्यांनी बुजवलेलं एकही भोक गळत नव्हतं. असलं काम वाकून करावं लागतं, आणि ते त्यांनी त्या गुडघ्यांनी केलं होतं. हे कळून राग कमी झाला नाही, उलट वाढला. फक्त तो कुणावर काढायचा ते कळेना.

तो रविवार गेला. पुढचा प्रत्येक रविवार मी जॅकेट घेऊन त्यांच्यासमोर उभा राहतो. "चल ना बाबा." ते चहा पीत असतात. "तू जा. नीट जा," म्हणतात.

मागच्या आठवड्यात मी चिडून कायाक उचलली आणि थेट दारात आणून आडवी टाकली. बघू कसे जातात. थोड्या वेळानं बाबा बाहेर निघाले. एका हातात काठी. तोल गेला तसा दुसरा हात होडीकडे आला, वरच थबकला आणि मागे गेला. मग भिंतीला पाठ घासत, एकेक पाऊल सरकवत ते बाजूनं निघून गेले.