बांधापलीकडं बोट दाखवलं, कीड माझ्याच रानात

मित्रांनो, आठ दिवसांपूर्वी मी याच ग्रुपवर लिहिलतं की शेजारच्या शोभाकाकू फवारणी करत न्हाईत, म्हणून लाल कोळ्याची कीड त्यांच्या रानातून माझ्या स्ट्रॉबेरीवर आली. तेव्हापासून पाटोद्याचे व्यापारी त्यांचा माल घ्यायला कचरतात.

आज सकाळी काकू बांध ओलांडून आल्या. म्हणाल्या, "चल, माझी पानं उलटून बघ."

बघितली. सगळी स्वीट चार्ली जातीची स्ट्रॉबेरी, पानं जवळपास साफ. मग माझ्या रानात आलो. बांधालगत माझीही स्वीट चार्लीच हाय, तिथं कीड तुरळक. आतल्या कॅमारोझा जातीवर मात्र जाळ्या धरलेल्या.

"माझ्याकडून आली असती तर आधी बांधाकडं दिसली असती," काकू म्हणाल्या. "ह्या जातीवर कोळी लई बसतो, लागवडीलाच सांगितलतं. तू हसलास."

खरंच हसलतो.

काकू खाली बसून माझ्याच झाडांची किडकी पानं खुडू लागल्या. मला लई लाज वाटली.

आरोप इथं केला, म्हणून माफी इथं मागतोय. व्यापाऱ्यांनाही सांगीन. पण काकूंसमोर "चुकलो" एवढंही तोंडातून निघालं न्हाई. तुमी असता तर काय म्हणाला असता?