आठानं गुणलं तर?

मी अकरावी मॅट्रिक झाले तेव्हा इंझोरीला आमच्या घरात दोनच विषय होते, माझं लग्न आणि माझं कॉलेज. बाबांनी तोडगा काढला. शिरपूरचं स्थळ येणार होतं. जमलं तर लग्न, नाही जमलं तर वाशिमला कॉलेज. मी मनाशी ठरवून टाकलं, जमू द्यायचंच नाही.

मुलगी पाहताना प्रश्न पाहुण्यांनी विचारायचे आणि मुलीनं मान खाली घालून उत्तरं द्यायची. मुलीनं उलट विचारलं की स्थळ मोडलंच म्हणून समजा. मुलाच्या मामांनी पोह्यांचा घास घेत विचारलं, “हिशेब येते का पोरीले?”

“येते ना. पावण्याइले येते का?”

मायच्या हातातला तांब्या हिंदकळला. मी सरळ मुलाकडे पाहिलं आणि एका जुन्या मासिकात सापडलेला माझा लाडका आकडा पुढे केला. “एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. याले दोनानं गुणा.”

त्याला राग यायला हवा होता. पण त्या पठ्ठ्यानं शेगडीतला विझलेला कोळसा उचलला आणि मायनं पाहुण्यांसाठी कालच पोतारलेल्या पांढऱ्या भिंतीवर १४२८५७ लिहून गुणाकार मांडला. २८५७१४. मग आपणहून तिनानं, ४२८५७१.

“अरे, आकडे तेच हायेत! नुसते फिरून राह्यले!”

सहा जणांनी हात धरून गोल फिरावं, पुढं येणारा तेवढा बदलावा, तसं ते होतं. चार झाले, पाच झाले, सहा झाले. पोहे गार झाले. मामा उठले. “चाल, लय आगाऊ हाय पोरगी.”

“थांबा मामा, सात राह्यले.”

सहाही आकड्यांची पुढं यायची पाळी होऊन गेली होती. आता कोण येणार? भिंतीवर ओळीनं सहा नऊ उतरले, ९९९९९९. तो इतक्या मोठ्यानं हसला की शेजारीण डोकावून गेली. मग म्हणाला, “अन् आठानं?”

मासिक सातावर थांबलं होतं, म्हणून मीही थांबले होते. हे आपल्याला सुचू नये याचा मला भारी संताप आला. मी त्याच्या हातातून कोळसा घेतला. ११४२८५६.

“बिघडला,” तो म्हणाला.

मी पाहत राहिले. मग पहिला एक पुसला आणि उरलेल्या १४२८५६ मध्ये मिळवला. आमचा आकडा जसाच्या तसा परत!

आता माझी पंचाईत झाली. कॉलेज हवंच होतं, आणि हा माणूसही हवासा वाटायला लागला होता.

तो बाबांकडे वळला. “काका, मले पसंत हाय. पण हिचं कॉलेज थांबवू नका. नवाचं मले कोण सांगन?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा माझी मान खाली गेली.

जूनमध्ये मी वाशिमच्या कॉलेजात गेले. शिरपूरच्या एसटीनं, सासरहून.